एकतिसाव्या पानावरची चंद्रकोर

“ही चंद्रकोर कुणाची?”

बापूसाहेबांनी पुस्तक माझ्या टेबलावर उघडं आपटलं. एकतिसावं पान. मधोमध वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का आणि त्याच्याभोवती ही गर्दी. एक चांदणी, एक फुली, लाल दोऱ्याचा एक टाका, एस.टी.च्या तिकिटाच्या पंचनं पाडलेलं एक भोक, आणि कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं काढलेली नखाएवढी चंद्रकोर.

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

“माहीत नाही?” त्यांनी काखेतली आणखी पाच पुस्तकं धडाधड मांडली. “ह्यात आहे. ह्यात आहे. ह्यातही आहे. सकाळपासून तीन कपाटं पालथी घातलीत मी, हेमा. प्रेमकथा म्हणू नको, खुनाच्या म्हणू नको, राक्षस-पऱ्यांच्या म्हणू नको, एक कादंबरी सोडली नाही या बाईनं.”

“बाईच कशावरून?”

“मग काय बाप्या चंद्रकोर काढतो?”

मी टेबलावरची कार्डं लावायला लागले. कारण बाई होती हे मला माहीत होतं, कोण होती हेही माहीत होतं, आणि ती दुपारचं जेवण कुणाच्या ताटात वाढणार होती हेसुद्धा माहीत होतं. ती बापूसाहेबांची सख्खी थोरली बहीण होती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. कासारखेडच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायचे. वय सव्वीस, ग्रंथपालनाचा सहा महिन्यांचा कोर्स, आणि घरात येणारा पगार माझा एकटीचा. बापूसाहेब रेठरेकर हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आमचे अध्यक्ष झाले. माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगते. पण आख्खं गाव म्हणजे नववी ब आहे असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं.

त्या एकतिसाव्या पानाचं सांगायला हवं. प्रत्येक वाचनालय पहिल्या पानावर शिक्का मारतं आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारतं. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलंच म्हणायला लागला, तर आतला शिक्का चोर पकडून देतो. आमचं पान एकतिसावं. ते गुप्त असायला हवं, पण आमच्या गावात गुप्त ते काय राहतंय! आमची सगळी पुस्तकं एकाच खाकी पुठ्ठ्यात बांधलेली, पाठीवर फक्त नंबर. आठवड्याला तीन-तीन कादंबऱ्या वाचणाऱ्याला कसं आठवणार, ही वाचली की ती? मग ज्यानं त्यानं शिक्क्याशेजारी आपली खूण करायची. पुस्तक हातात घेतलं की आधी एकतिसावं पान उघडायचं. आपली खूण दिसली की परत ठेवायचं.

त्याचा एकच नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. शेवटचं पान वाचल्याशिवाय खूण करायची नाही. अर्ध्यात टाकलं, खूण नाही.

त्यामुळं ते पान मला कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त सांगायचं. कंडक्टर ढोबळ्यांचं भोक आणि अत्तारभाभींची चांदणी एकाच पुस्तकात दिसली की मी डोळे झाकून ते तिसऱ्याच्या हातात द्यायचे. नव्या पुस्तकात खुणा नसतात, म्हणून नवी पुस्तकं मी आधी स्वतः वाचायचे आणि आत एक चिठ्ठी ठेवायचे. ‘पोळ्या लाटताना वाचू नये, करपतील.’ ‘नायक मठ्ठ आहे, पण नायिका निभावून नेते.’ ‘भुताला घाबरू नका, शंभराव्या पानापासून ते आपल्या बाजूचं होतं.’ लोक चिठ्ठ्या वाचून पुस्तकं न्यायचे आणि परत आणताना माझ्याशी भांडायचे. त्या भांडणासाठी मी नोकरीवर यायचे म्हणा ना.

“रविवारी वार्षिक सभा आहे,” बापूसाहेब म्हणाले. “तोपर्यंत मला यादी पाहिजे. कुठली खूण कुणाची. प्रत्येकाचं सभासदत्व रद्द. आणि ही घाण झालेली पुस्तकं रद्दीत. चारशेच्या चारशे.”

“सर, चारशे? मग कपाटात राहील काय?”

“चरित्रं राहतील. विचार राहतील. आणि या वर्षीच्या खरेदीत एकही खून नको, एकही प्रेमप्रकरण नको. हे वाचनालय आहे, तमाशाचा फड नाही.”

“लोक तेच नेतात, सर. चरित्रांवर धूळ बसते.”

“धूळ पुसायचाच पगार आहे तुला.” मग ते जरा वाकले आणि हळू आवाजात बोलले. हेडमास्तर हळू बोलायला लागला की जास्त भीती वाटते. “बाकीच्यांचं एकवेळ राहू दे. या चंद्रकोरीचं नाव मला पाहिजे. तुला माहीत आहे, तुझ्या तोंडावर दिसतंय. रविवारी नाव सांग, नाहीतर टेबल रिकामं कर.”

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! वाटलं, सांगावं आत्ताच. तुमची अक्का, सर. तुमच्या माजघरात बसून वाचते. जीभ दातांत धरून बसले.

संध्याकाळी वाचनालय बंद करून थेट शशीवहिनींच्या शिलाई दुकानात गेले. शशिकला डोईफोडे, रेठरेकरांच्या शेजारच्या. लाल दोऱ्याचा टाका त्यांचा. अक्का त्यांच्याच कार्डावर वाचायच्या. पुस्तक ब्लाऊजपिसांच्या पिशवीतून अक्कांकडं जायचं आणि तसंच परत यायचं. बापूसाहेबांना वाटायचं, अक्का फार ब्लाऊज शिवून घेते.

नशिबानं अक्का तिथंच होत्या. सत्तरीच्या, काटक, पांढरं लुगडं, बोटांना कायम हळदीचा पिवळा डाग. सतराव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या, त्या तिथंच राहिल्या. मी सगळं सांगितलं.

“सांगून टाक की गं!” शशीवहिनींनी मशीन थांबवलं. “भर सभेत सांग. नाक कापलं जाऊ दे मास्तरचं. तुझी नोकरी वाचेल आणि आम्हाला मजा येईल.”

अक्कांचा चेहरा उतरला. “नको गं बाई, हेमा. माझं नाव घेऊ नकोस.”

“अक्का, पण...”

“त्याच्या घरात राहायचंय मला. तो मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही. पण ऐकवील. भाजीत मीठ जास्त झालं तर आठ दिवस ऐकवतो तो. हे कळलं तर मरेपर्यंत ऐकवील, आणि पुस्तक पुन्हा हाताला लागू देणार नाही.” त्यांनी बोटावरचा हळदीचा डाग चोळला. “मला दुसरं काही नाही गं. दुपारचे दोन तास आहेत, बस.”

मला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा कळेना. मी उगीच विचारलं, “पण चंद्रकोरच का काढता? साधी फुली केली असती तर कुणाचं लक्षही गेलं नसतं.”

“कपाळाला तीच लावायचे,” अक्का म्हणाल्या. “आईनं शिकवली होती, टोकं वर करून, एका झटक्यात. ती पुसली. म्हटलं इथं काढावी, इथं कोण पुसायला येतंय?”

शशीवहिनींनी मशीनचं चाक उगीच दोनदा फिरवलं.

“तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही,” मी म्हणाले. “नोकरी गेली तर गेली. खड्ड्यात गेली नोकरी.”

“आणि ते नवीन आलंय म्हणालीस, निळ्या बंगल्याचं?” अक्कांनी डोळे पुसता पुसता विचारलं. आता सांगा, या बाईला काय म्हणावं!

“‘निळ्या बंगल्यातली जबानी’. मी कालच संपवलं. खुनी कोण ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही, पैज लावते. चिठ्ठीतही तेच लिहिलंय. पहिला नंबर तुमचा. रविवारी सभा झाली की वहिनींच्या पिशवीत टाकते.”

“तोवर कुणाला देऊ नकोस हं,” अक्का म्हणाल्या.

रविवारी सकाळी दहाला सभा. दरवर्षी वीस माणसं यायची, त्या दिवशी सत्तर आली. यादीची बातमी फुटली होती. अत्तारभाभी दोन्ही सुनांना घेऊन आल्या होत्या, ढोबळे कंडक्टर ड्युटी बदलून खाकी कपड्यांतच आले होते. सगळ्यांची तोंडं परीक्षेला बसल्यासारखी. सभेचा उपमा अध्यक्षांच्या घरून यायचा, तशी पद्धत होती. त्यामुळं मागच्या दाराशी मोठं पातेलं आणि पातेल्यामागं अक्का. खाली मान घालून ताटल्या पुसत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

दारासमोरच्या टेबलावर मी नवीन पुस्तकं मांडली होती, चिठ्ठ्यांसकट. म्हटलं, शेवटचा दिवस असेल तर झोकात होऊ दे.

बापूसाहेबांनी अर्धा तास भाषण केलं. वाचनसंस्कार, पिढी, अधःपात. मग चंद्रकोरीचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं.

“ही एक व्यक्ती,” ते म्हणाले, “चारशे पुस्तकांत आहे. सार्वजनिक मालमत्तेचा असा सत्यानाश करणारी व्यक्ती या गावाला कळलीच पाहिजे. हेमा गुरव, उभी राहा.”

उभी राहिले.

“नाव सांग.”

मागं ताटलीचा आवाज बंद झाला. मला वाटलं होतं तोंडाला कोरड पडेल. उलट आवाज असा खणखणीत निघाला की मीच दचकले.

“हेमलता शंकर गुरव.”

“तुझं नाव विचारत नाही. खूण कुणाची ते सांग.”

“तेच सांगतेय, सर. माझी आहे.”

सभेत गलका झाला. बापूसाहेबांनी टेबलावर डस्टर आपटावं तसा हात आपटला.

“खोटं बोलू नकोस. तू वाचनालयात नोकर आहेस. तुला खुणेची गरज काय?”

“मी माणूस नाही का? मीही विसरते. आणि सगळ्याच खुणा माझ्या आहेत म्हणून लिहून घ्या. चांदणी माझी, टाका माझा, भोकपण मीच पाडलं.”

“पंच माझ्याकडं आहे बाई!” ढोबळे मध्येच ओरडले आणि लोक हसले.

बापूसाहेबांचे कान लाल झाले. “काढून दाखव. इथं, माझ्यासमोर.”

हाताशी जे पुस्तक आलं ते ओढलं, एकतिसावं पान उघडलं आणि त्यांच्याच पेननं काढली चंद्रकोर. आकाशातला चंद्र काढतात तशी निघाली, टोकं एका बाजूला. त्यांनी नीट पाहिलंही नाही. पुस्तक उंच धरलं.

“पाहा! नव्याकोऱ्या पुस्तकावर! सर्वांनी पाहा. पुढं पाठवा, सगळ्यांना दिसू द्या. हेमा, तुझी नोकरी आजपासून संपली. किल्ल्या ठेव. आणि या चारशे पुस्तकांच्या रद्दीचा ठराव मी मांडतोय.”

मी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि टेबलावर ठेवला. खरं सांगते, वाईट वाटलंच. पण आतून एक गारवाही वाटला. नाव तोंडून निघालं नव्हतं.

पुस्तक हातोहात मागं गेलं. शेवटच्या रांगेतून शशीवहिनींकडं, आणि वहिनींनी सवयीनं ते अक्कांच्या हातात दिलं. इतकी वर्षं तेच केलं होतं त्यांनी.

“अनुमोदन कोण देतंय?” बापूसाहेबांनी विचारलं.

“ही माझी नाही,” मागून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. अक्का पातेल्यामागं उभ्या होत्या, पुस्तक चष्म्याजवळ धरून.

“हेमा, ही कसली चंद्रकोर? माझी टोकं वर असतात. आणि ‘निळ्या बंगल्यातली जबानी’ मी वाचलेलं नाही अजून! न वाचलेल्या पुस्तकात माझी खूण कशी घातलीस तू?”

मी कपाळावर हात मारून घेतला. हाताशी आलेलं पुस्तक नेमकं तेच होतं. बघितलंसुद्धा नव्हतं मी.

“अक्का, तू गप्प बस,” बापूसाहेब म्हणाले. त्यांना अजून उमगलं नव्हतं. “तू घरी जा.”

“उपमा वाढून झाला की जाते,” अक्का म्हणाल्या. मग त्यांनी सभेकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि मला दिसलं की आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता कळलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बसतील खाली. त्या बसल्या नाहीत. पदर खोचला आणि मधल्या वाटेनं चालत पुढं आल्या.

“ती पोरगी खोटं बोलतेय, बापू. तिनं माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं. त्या चंद्रकोरी माझ्या आहेत.”

“तुझ्या?” बापूसाहेब खुर्चीत बसले. “तू... हे असलं वाचतेस?”

“असलंच वाचते. बावीस वर्षं झाली. खून वाचते, प्रेम वाचते, उडते घोडे वाचते. आधी तू शाळेत गेलास की, आता इथं आलास की, दोन तास.”

“माझ्या घरात राहून?”

“तुझ्या घरात राहून. तुझ्या घरची एक पोळी करपली का कधी? तुझं एक पथ्य चुकलं का? बावन्न वर्षं राबले मी त्या घरात. दोन तास माझे होते. ते मी चोरून घेतले, कारण मागितले असते तर तू दिले नसतेस. दिले असतेस का, सांग!”

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हायस्कूलच्या मास्तराला शेवटी जे आठवायचं तेच आठवलं.

“वाचायचंच होतं तर काही चांगलं वाचायचंस. मी स्वतः या वाचनालयाला माझं आत्मचरित्र दिलंय. दहा प्रती. ते नाही दिसलं तुला?”

“दिसलं की,” अक्का म्हणाल्या. “घेतलं होतं मी ते.”

“मग? त्यात का नाही खूण?”

अक्का जरा घुटमळल्या. त्यांना भावाचं मन मोडायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण नियम तो नियम.

“शेवटपर्यंत गेलं नाही रे, बापू,” त्या म्हणाल्या.

आधी कुणी हसलं नाही. ज्यांना एकतिसाव्या पानाचा नियम ठाऊक होता त्यांनी खाली माना घातल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग अत्तारभाभींनी तोंडावर पदर धरला, ढोबळ्यांनी खोकला काढला, आणि सगळं वाचनालय फुटलं. बापूसाहेब मात्र हसले नाहीत. ते अक्कांकडं बघत राहिले, बाई आत्ताच पहिल्यांदा घरात आलीय असं.

“अनुमोदन,” ते पुटपुटले. “ठरावाला अनुमोदन कोण...”

कुणाचा हात वर आला नाही. तीनदा विचारलं त्यांनी. मग ढोबळे उभे राहिले आणि म्हणाले, “सर, अनुमोदन उपम्याला आहे. गार होतोय.” ठराव तिथंच बारगळला. किल्ल्या टेबलावर पडल्या होत्या. बापूसाहेबांनी त्या माझ्याकडं सरकवल्या. ती त्यांच्यातली माणुसकी म्हणा, की दमले होते म्हणा.

पण अक्का हटल्या नव्हत्या. “हेमा, सभासद व्हायचा फॉर्म असतो ना? दे मला एक.”

फॉर्म दिला. त्यांनी उभ्यानंच भरला. खाली शिफारस करणाऱ्या सभासदाच्या सहीची जागा असते. त्यांनी कागद भावापुढं धरला.

“कर सही.”

बापूसाहेबांनी तोंड फिरवलं.

“नको करूस,” अक्का म्हणाल्या आणि कागद वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी केली. वहिनींच्या हातून तो भाभींनी घेतला, भाभींकडून ढोबळ्यांनी. सही एकच पुरत होती. त्या फॉर्मवर एकोणतीस झाल्या, समासात आणि मागच्या बाजूलासुद्धा. तो फॉर्म अजून आमच्या फाईलमध्ये आहे.

बापूसाहेब पुढं सहा महिने अक्कांशी बोलले नाहीत. मी एकदा काळजीनं विचारलं, तर म्हणाल्या, “बरंय की. निवांत वाचायला मिळतं.”

सभेनंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, उन्हातून अक्का वाचनालयात आल्या. पिशवी नव्हती. पुस्तक उघड हातात धरलं होतं, आख्ख्या बाजारपेठेतून. माझ्यासमोर ठेवलं. मी एकतिसावं पान उघडलं. माझ्या चंद्रावर एक आडवी काट होती, आणि शेजारी निळ्या पेन्सिलीनं, टोकं वर करून, त्यांची चंद्रकोर. मागच्या कार्डावर पहिल्या ओळीत त्यांनी स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं. इंदिरा सदाशिव गोडबोले. ते सासरचं नाव गावात कुणी बावन्न वर्षांत उच्चारलं नव्हतं.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“तू पैज लावली होतीस ना?” अक्का म्हणाल्या. “माळी आहे खुनी. बाविसाव्या पानावर कळलं मला. तुझी ती चिठ्ठी काढून टाक आतली, लोकांना फसवू नकोस. आणि आता जरा अवघड दे काहीतरी.”